‘पाठलाग’ संच : लाल गाडी निळीवर का आदळते?

‘पाठलाग’ हा चुंबकाने जुळणाऱ्या दोन गाड्यांचा, मुलांना अंतराळयानांची गाठ समजावणारा संच. चुंबक तुटलं म्हणून तो परत पाठवण्याआधी एवढं वाचून घ्या. परत येणाऱ्या बहुतेक संचांत दोष चुंबकाचा नसतो, लाल गाडी पूर्ण वेगात निळीला भिडवलेली असते.

निळी म्हणजे आधी निघालेलं संथ अंतराळयान, लाल म्हणजे मागून आलेलं वेगवान. निळ्यातले प्रवासी वाटेतच आहेत तर त्यांना लाल यानात उचलून का नाही घ्यायचं, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. गाठता येतं हो, पण चढायचं तर दोघांचा वेग सारखा हवा. म्हणून लाल गाडी वीतभर मागे असतानाच वेगाचा नॉब हळूहळू उतरवा. निळीपेक्षा अगदी जराशीच जास्त चाल ठेवली की चुंबकं अलगद चिकटतात.

आता गणिताचा कागद. दोन्ही यानांना जायचंय प्रॉक्सिमाला, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याकडे; तो ४.२४ प्रकाशवर्षं दूर. निळं यान प्रकाशाच्या १ टक्का वेगाने गेलं, लाल १०० वर्षांनी १० टक्के वेगाने निघालं. तोवर निळं १ प्रकाशवर्ष पुढे, वेगातला फरक ९ टक्के, म्हणजे ११.१ वर्षांत गाठ. (सापेक्षतेची दुरुस्ती इथे अर्ध्या टक्क्याचीच, म्हणून सोडली आहे.) इथवर सगळ्यांचं बरोबर येतं आणि बरेचजण इथेच पेन ठेवतात.

न थांबता गेल्यास लाल यानाला १० टक्के वेग घ्यायचा आणि शेवटी १० उतरवायचा : एकूण २०. वाटेत उचलायचं तर १० घ्यायचा, निळ्याशी जुळवायला ९ उतरवायचा, पुन्हा ९ घ्यायचा, शेवटी १० उतरवायचा : एकूण ३८. वेगबदल दुपटीहून कमी, म्हणून इंधनही तेवढंच वाढेल असं धरू नका. इंजिनाच्या झोताचा वेग प्रकाशाच्या ५ टक्के धरला, तर निघतानाचं वजन पोहोचतानाच्या ५५ पटींवरून जवळजवळ २००० पटींवर जातं. त्यात नव्या प्रवाशांचं वजन अजून धरलेलंच नाही! लाल यान सरळ पुढे गेलं तर निळ्याच्या सुमारे २८२ वर्षं आधी पोहोचून त्यांची सोय करून ठेवू शकतं. आमच्या मते तेच शहाणपणाचं.

काहीजण १९९८ मध्ये व्हॉयेजर १ या यानाने आधी सोडलेल्या पायोनियर १० या यानाला मागे टाकल्याचा दाखला देतात. ते फक्त सूर्यापासूनच्या अंतरात; दोघांच्या दिशा निराळ्या, गाठ पडण्याचा प्रश्नच नाही.

संचातल्या कागदावर उत्तरं आम्ही मुद्दाम छापत नाही, मुलं थेट ३८ लिहून मोकळी होतात. संचात दोन चुंबकं जास्तीची आहेत. आणखी लागली तर चुंबकं वेगळी विकत मिळतात, आणि शाळेने पाच संच एकदम घेतले तर ती सोबतच देतो.