वरखाली दुनळी शॉटगन : पारंपरिक आणि आधुनिक घडण

वरखाली दुनळी म्हणजे दोन नळ्या एकीवर एक बसवलेली, बिजागरीपाशी मोडून उघडणारी छर्‍यांची बंदूक. नेमबाज तिला ओव्हर-अंडर म्हणतात. शेजारी-शेजारी नळ्या असलेली दुनळी हिच्याहून जुनी; पण वरखाली दुनळीत नेम धरताना डोळ्यासमोर एकाच नळीची अरुंद रेघ राहते आणि खालची नळी आधी उडवली की धक्का जवळजवळ खांद्याच्या रेषेत येऊन नळीचे तोंड कमी उचलले जाते. या दोन गुणांमुळे ट्रॅप, स्कीट आणि स्पोर्टिंग या उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीच्या स्पर्धांत आज हीच बंदूक बहुतेकांच्या हाती दिसते. तिच्या किमतींचा पल्ला मात्र प्रचंड आहे. साधी तुर्की बंदूक अमेरिकेत हजार डॉलरच्या आत मिळते, लंडनच्या अव्वल कारखान्याची नवी बंदूक एक लाख पौंडांच्या पुढे जाते, आणि दोन्हींत काडतूस तेच जाते.

पारंपरिक घडणीची दोन घराणी

जुन्या घडणीत दोन वेगळी घराणी आहेत. त्यांना एकाच मापाने मोजले तर किमतीचा हिशेब जमत नाही.

पहिले घराणे लंडनचे. नळ्यांवर नळ्या रचल्या की खालच्या नळीखाली बिजागरी आणि कुलूप यांना जागा द्यावी लागते. त्यामुळे ॲक्शन, म्हणजे मधला पोलादी सांगाडा, उंच आणि बोजड होतो. बॉस अँड कंपनीच्या जॉन रॉबर्टसन यांनी 1909 मध्ये हा पेच सोडवला. त्यांनी बिजागरी आणि पकड नळ्यांच्या दोन्ही कुशींना नेली, आणि बंदूक एकदम सडपातळ झाली. वुडवर्ड या लंडनच्याच दुसर्‍या कारखान्याने काही वर्षांतच त्याच दिशेने स्वतःची रचना काढली. दुसर्‍या महायुद्धानंतर पर्डी कंपनीने वुडवर्ड विकत घेऊन ती रचना स्वीकारली.

दुसरे घराणे बेल्जियममधील लिएजजवळचे. अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांची ही शेवटची रचना. 1926 मध्ये तिथल्या एफएन या शस्त्रकंपनीच्या कारखान्यातच त्यांचे निधन झाले. ‘सुपरपोझ्ड’ या नावाने ती 1931 मध्ये बाजारात आली, आणि तिच्या एकाच चापाच्या यंत्रणेचे काम मुलगा व्हाल याने पूर्ण केले. इथे बिजागरीची जाड खीळ नळ्यांच्या खाली आडवी जाते. बंदूक थोडी उंच होते, पण रचना दणकट आहे आणि ठरावीक पद्धतीने एकामागून एक बनवता येते. राजेरजवाड्यांच्या पलीकडच्या शिकार्‍यापर्यंत वरखाली दुनळी पोचली ती मुख्यतः हिच्यामुळे. तिच्यातही हातकाम भरपूर होते. मजुरी वाढत गेली तशी ती महागली, आणि 1973 मध्ये ब्राउनिंगने जपानच्या मिरोकू कारखान्यात बनवलेली ‘सिटोरी’ आणली. बिजागरी त्याच तत्त्वाची, पण तिचा फोरएंड, म्हणजे नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग, वेगळा निघतो; सुपरपोझ्डचा नळ्यांवरच पुढे सरकून राहतो.

काजळी, कानस आणि संगणक

लंडनच्या घडणीत पैसा कुठे जातो हे एका कामावरून कळते. कारागीर नळ्यांचा मागचा भाग धुरकट दिव्याच्या ज्योतीवर धरतो. त्यावर काजळी बसते. मग तो नळ्या ॲक्शनमध्ये मिटतो आणि पुन्हा उघडतो. जिथली काजळी पुसली गेली तिथे धातू धातूला टेकला. तेवढ्याच जागेवर कानशीचा एक हलका हात, पुन्हा काजळी, पुन्हा मिटणे. सगळ्या पृष्ठभागांवर काजळी सारखी पुसली जाईपर्यंत हे चालते. एका बंदुकीवर शेकडो तास खर्च होतात आणि गिर्‍हाईक वर्षानुवर्षे वाट पाहते.

संगणकाने चालणारी यंत्रे पोलाद मिलिमीटरच्या शतांश भागापर्यंत अचूक कापतात, आणि हजाराव्या बंदुकीलाही तेच माप मिळते. आधुनिक बंदुकीचा सर्वांत मोठा गुण हाच आहे, आणि त्याची पुरेशी कदर होत नाही. इटलीच्या बेरेट्टा कंपनीच्या 680 मालिकेत ॲक्शनच्या कुशींतले बिजागरीचे खुंट झिजले तर थोडे मोठ्या मापाचे खुंट बसवता येतात आणि बंदूक पुन्हा घट्ट होते. हाताने जुळवलेल्या बंदुकीचा भाग तुटला तर तो त्या एका बंदुकीसाठी नव्याने घडवावा लागतो. लंडनचे कारखानेही आता ओबडधोबड आकार यंत्रावर काढतात. त्यामुळे शेवटचा हात माणसाने किती फिरवला, यावर दोन्हींतला फरक ठरतो.

नळ्या

बंदुकीची खरी परीक्षा नळ्यांत होते. जुन्या उच्च पद्धतीत प्रत्येक नळी आणि तिचा पकडीचा भाग एकाच पोलादातून घडवून दोन्ही जोडतात. मोनोब्लॉक पद्धतीत मागचा ठोकळा वेगळा बनवून त्यात नळ्या बसवतात. तिला पूर्वी कमी दर्जाची समजत, पण नीट केलेला मोनोब्लॉक कमकुवत नसतो; इटलीतील अनेक उत्तम बंदुका तशाच बनतात. दोन्ही नळ्यांचे छर्रे एकाच ठिकाणी पडायला हवेत. तेवढ्यासाठी जोडताना कोन जुळवावा लागतो आणि नळ्यांमधल्या पट्ट्यांना एकसारखा डाख द्यावा लागतो. स्वस्त बंदुकीत काटकसर नेमकी इथे होते, कारण दुकानात ती दिसत नाही. पस्तीस-चाळीस मीटरवर मोठा कागद लावून दोन्ही नळ्या उडवल्या तरच कळते.

चोक, म्हणजे तोंडाशी केलेली आकुंचने, पारंपरिक बंदुकीत कायमची असतात. आधुनिक बंदुकीत ती फिरकीने बसतात आणि बदलता येतात. सोय मोठी आहे, पण नळीचे तोंड जाड व जड होते. मैदानावर ते चालते, दिवसभर हातात घेऊन फिरताना जाणवते. शिकारीची बारा बोअर साधारण 3 किलोंची असते, स्पर्धेची साडेतीन ते चार किलोंची.

पोलादी छर्‍यांनी हे गणित आणखी बदलले. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांवर 1991 पासून देशभर बंदी आहे, आणि युरोपीय संघात पाणथळ जागांवर 2023 पासून. पोलाद शिशासारखे दबत नाही. त्यासाठी नळीची भिंत, पोलादाचा दर्जा आणि चोक त्या दृष्टीने योजलेले लागतात. आजची मध्यम किमतीची बंदूक तशी चाचणी उत्तीर्ण होऊन येते. जुन्या, घट्ट चोकच्या, पातळ नळीच्या बंदुकीत ती काडतुसे घालणे धोक्याचे आहे. त्यामुळे देखणी पण फक्त शिशाला योग्य अशी जुनी बंदूक बाजारात अपेक्षेपेक्षा स्वस्त मिळते.

किंमत कुठे चढते

हजार डॉलरच्या आतल्या बंदुकीत चाप जड आणि खरखरीत असतो, लाकूड-धातूच्या सांध्यात फट राहते, रिकामे काडतूस बाहेर फेकणार्‍या इजेक्टरऐवजी ते फक्त वर उचलणारी यंत्रणा असते. वर्षाला काही शे काडतुसे उडवणार्‍याला ती पुरते. दोन-तीन हजार डॉलरच्या पट्ट्यात बेरेट्टा सिल्व्हर पिजन आणि सिटोरी येतात. पैशाच्या मोबदल्यात मिळणारा दर्जा या पट्ट्यात सर्वाधिक आहे: नळ्या जुळलेल्या, चाप स्वच्छ, सुटे भाग सर्वत्र. दहा हजारांच्या पुढे इटलीची पेराझी आणि जर्मनीची क्रिगहॉफ. पेराझीची एमएक्स8 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी तयार झाली. तिचा चापाचा संच हाताने काढता येतो. कमान तुटली तर दुसरा संच बसवून नेमबाज फेरी पूर्ण करतो. क्रिगहॉफची के-80 रेमिंग्टनच्या 1930 च्या दशकातील मॉडेल 32 वरून उत्क्रांत झाली. वर्षाला हजारो काडतुसे उडवणार्‍याला हा खर्च परवडतो.

त्याच्याही वर जे पैसे जातात ते नेमासाठी नसतात. ते निवडक अक्रोडासाठी, नक्षीसाठी, मापाने घडवलेल्या दस्त्यासाठी (खांद्याला टेकणार्‍या लाकडी भागासाठी) आणि हातात बंदूक जणू वजनरहित वाटावी अशा तोलासाठी असतात. हा तोल खोटा नाही. चांगली लंडनची बंदूक खांद्याला लावली की तो लगेच कळतो. पण मैदानावरच्या गुणफलकात तो फारसा उतरत नाही. दस्ता मापाचा हवा असेल तर मध्यम बंदुकीचा दस्ता कुशल कारागिराकडून जुळवून घेणे फार स्वस्त पडते, आणि त्याचा उपयोग सर्वाधिक होतो.

नक्षी फसवी असू शकते. लेसरने आणि रासायनिक कोरणीने आता स्वस्त बंदुकीही भरगच्च सजतात. भिंगाखाली हातकामात प्रत्येक रेघेची खोली बदलत जाते, यंत्रकामात ती सपाट राहते.

वापरलेली बंदूक पारखताना फोरएंड काढून नळ्या हलवून पाहतात. खटखट जाणवली तर बिजागरी सैल आहे. वरची उघडण्याची तरफ नव्या बंदुकीत मध्यरेषेच्या थोडी उजवीकडे थांबते आणि झिजेबरोबर मध्याकडे, पुढे डावीकडे सरकते. नळ्या टांगून बोटाने टिचकी मारली की घंटेसारखा स्वच्छ नाद यायला हवा. दबलेला आवाज म्हणजे कुठेतरी पट्टीचा डाख सुटला आहे. शेवटी नळ्यांच्या मागच्या भागावरील मजबुतीच्या चाचणीचे ठसे वाचतात, कारण जुन्या बंदुकीचा काडतुसाचा कप्पा नंतर लांबवला असेल तर तिची चाचणी पुन्हा झालेली असावी लागते.