ग्राफीन नॅनोरिबनचं रामन करून घ्यायचंय? आय-स्टेमवरून अर्ज असा करा

ग्राफीन नॅनोरिबन म्हणजे एका अणूच्या जाडीच्या कार्बनच्या अतिशय अरुंद पट्ट्या, आणि रामन म्हणजे लेझर टाकून परत येणाऱ्या प्रकाशावरून पदार्थ ओळखायची तपासणी. कॉलेजात रामन मशीन नाही म्हणून प्रोजेक्ट अडवून ठेवू नका. केंद्र सरकारचं आय-स्टेम नावाचं पोर्टल जानेवारी २०२० मध्ये सुरू झालंय, देशभरातल्या संस्थांची उपकरणं त्यावर नोंदवलेली असतात आणि बाहेरच्यांनाही स्लॉट मागता येतो.

विद्यार्थी, प्राध्यापक, सरकारी लॅब, स्टार्टअप, कंपनी, सगळ्यांना अर्ज करता येतो, फक्त दर वेगवेगळे, शिक्षणसंस्थांना कमी आणि कंपन्यांना जास्त. संस्थेच्या ईमेलनं रजिस्टर करा, मशीन शोधा, रिक्वेस्ट टाका. मंजुरी आल्याशिवाय पैसे भरायची घाई नको. संस्थेचं आयडी, गाईडच्या सहीचं लेटरहेडवरचं पत्र आणि सॅम्पलची माहिती तयार ठेवा, कंपनी असेल तर जीएसटी नंबरही. प्रत्येक सेंटरचे नियम थोडे वेगळे असतात, त्यामुळे मशीनच्या पानावरच्या सूचना आधी नीट वाचा.

खरा प्रश्न सॅम्पलच्या फॉर्मचा आहे, तिथे नुसतं 'ग्राफीन' लिहून मोकळं होऊ नका! तसं लिहिलं तर ऑपरेटर सवयीनं १२०० ते २८०० सेंटीमीटर इन्व्हर्स (रामनमधलं मोजमापाचं एकक) अशी रेंज लावेल आणि नॅनोरिबनची रुंदी सांगणारा पीकच, म्हणजे आलेखातला उंचवटाच, निघून जाईल, कारण तो खाली असतो. सात कार्बन रुंदीच्या आर्मचेअर (कडेच्या अणूंची एक ठरावीक मांडणी) रिबनला तो साधारण ३९६ सेंटीमीटर इन्व्हर्सला येतो, नऊ कार्बनवाल्याला ३१२ च्या आसपास, रुंदी वाढली की खाली सरकतो. म्हणून रेंज १०० ते १८०० अशी स्पष्ट लिहा, आणि मशीनचा लेझरचा प्रकाश अडवणारा फिल्टर तेवढं खाली जाऊ देतो का हेही विचारून घ्या.

लेझरही तुम्हीच सांगायचा. सातवाल्याला ५३२ नॅनोमीटरचा हिरवा चांगला लागतो, नऊवाल्याला ७८५, चुकीचा निवडला तर रेझोनन्स (लेझर आणि रिबनच्या ऊर्जेचा मेळ) जुळत नाही आणि रिबन असूनही सिग्नल मिणमिणता येतो. सब्सट्रेट, म्हणजे रिबन ज्यावर आहेत तो पृष्ठभाग, सोनं आहे की ऑक्साईडवालं सिलिकॉन तेही लिहा. पॉवर कमी ठेवा अशी विनंती टाका, हवेत जास्त पॉवरखाली रिबन खराब होतात. तपासायला एकाच जागी दोनदा स्पेक्ट्रम घ्यायला सांगा, दुसऱ्यांदा पीक खाली बसले तर पॉवर जास्तच आहे.

रिपोर्टमध्ये १३४० च्या आसपास डी पीक (ग्राफीनमध्ये सहसा दोषाची खूण) दिसला की लगेच 'डिफेक्ट' म्हणून घाबरू नका, एवढ्या अरुंद रिबनमध्ये कडांमुळे तो असणारच, १२०० ते १३०० मधले पीकही कडेच्या हायड्रोजनशी जोडलेले असतात. जी पीक, म्हणजे ग्राफीनसारख्या कार्बनचा नेहमीचा मुख्य पीक, १६०० जवळ येतो. फक्त फोटो न घेता रॉ डेटाची टेक्स्ट फाईल मागा, सोबत त्याच दिवशीचा सिलिकॉनचा ५२० वाला कॅलिब्रेशन स्पेक्ट्रमही, नाहीतर पीक चार-पाच आकड्यांनी सरकलेला असेल तर कळणारच नाही. पेपर छापला की सेंटरचा उल्लेख आभारात करायची अट बहुतेक ठिकाणी असते, ती पाळा.