पर्जन्यमान आणि पर्जन्यजलाचे रसायन

पावसाच्या पाण्यात सोडियम, क्लोराइड, कॅल्शियम, अमोनियम, सल्फेट, नायट्रेट इ. आयन (विद्युतभारित कण) विरघळलेले असतात. पाऊस जास्त झाला की त्यांची संहती (लिटरभर पाण्यातले प्रमाण) सहसा घटते. किती घटते, हे मात्र आयन कोठून आला यावर ठरते.

धुळीचे जाड कण ढगाखालच्या हवेत असतात व सरीच्या पहिल्या काही मिलिमीटरांतच धुऊन निघतात. म्हणून कॅल्शियम झपाट्याने उतरते. सल्फेट व अमोनियम बहुतांशी सूक्ष्म कणांत असतात. ढगातले थेंब याच कणांभोवती तयार होत असल्याने त्यांचा पुरवठा सर चालू असेपर्यंत पुरतो. हलक्या सरीचे थेंब कोरड्या हवेतून येताना काहीसे आटतात, त्यामुळेही संहती वाढते. संहती व पर्जन्यमान यांचे लॉगरिथम घेऊन आलेख काढल्यास साधारण सरळ उतरती रेषा मिळते. तिचा उतार १ च्या जवळ असेल, तर हवेतला साठा मर्यादित होता व लवकर संपला. ० च्या जवळ असेल, तर पुरवठा पावसाबरोबर होत राहिला.

किनारपट्टीवर हा नियम डळमळतो. नैर्ऋत्य मोसमी वारा जोराचा असला की पाऊस आणि सागरी मीठ दोन्ही एकदमच येतात, आणि कोकणात मुसळधार पावसातही सोडियम फारसे उतरत नाही. समुद्राच्या पाण्यात वजनाने सोडियमच्या सुमारे ०.२५ पट सल्फेट असते. तेवढे वजा केल्याशिवाय उरलेल्या सल्फेटबद्दल बोलण्यात अर्थ नाही. थरच्या वाळवंटालगत, उदा., जोधपूरला, चुनखडीयुक्त धूळ अम्ल उदासीन करते व पावसाचा सामू (pH, अम्लतेचे लॉगरिथमी माप; तो जितका कमी तितके पाणी अम्लीय) चढा राहतो. पुढे पाऊस लागून राहिला की धूळ धुतली जाते, ओली माती उडत नाही आणि सामू हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडशी समतोल असलेल्या ५.६ कडे सरकतो. अम्ल शिल्लक असल्यास त्याच्याही खाली जातो. एरवी स्वच्छ भासणारा ऐन श्रावणातला पाऊस वळवाच्या पावसापेक्षा अधिक अम्लीय निघतो तो यामुळे.

संहती कमी म्हणजे जमिनीवर कमी पडले, असे नव्हे. लिटरला मिलिग्रॅममधील संहती × मिलिमीटरमधील पाऊस × ०.०१ = हेक्टरी किलोग्रॅम. समजा, घाटमाथ्यावर ५,५०० मिमी. पावसात लिटरला ०.३ मिग्रॅ. सल्फेट आहे आणि पूर्वेकडील पठारावर ७०० मिमी. पावसात १.५ मिग्रॅ. निक्षेप (जमिनीवर पडलेली एकूण मात्रा) हेक्टरी अनुक्रमे १६.५ व १०.५ किग्रॅ. होतो. पाचपट ‘स्वच्छ’ पाऊस दीडपटीहून अधिक सल्फेट टाकतो.

सरासरीही पावसाच्या प्रमाणात भारित, म्हणजे प्रत्येक सरीला तिच्या पावसाएवढे वजन देऊन, घ्यावी लागते. २ मिमी.च्या सरीत १० मिग्रॅ. आणि ४० मिमी.च्या सरीत १ मिग्रॅ. असल्यास साधी सरासरी ५.५ येते, भारित १.४३. सामूची थेट सरासरी काढणे ही नेहमीची चूक: आधी हायड्रोजन आयनांची संहती काढावी. धूळयुक्त अल्कधर्मी पावसात तेही पुरेसे नाही. तेथे बायकार्बोनेट हा ऋण आयन हिशोबात धरला नाही, तर एरवी ऋण आयनांच्या बरोबरीने यायला हवेत ते धन आयन जास्त भरतात आणि विश्लेषण चुकल्यासारखे दिसते.

नमुना घेणारे भांडे पाऊस सुरू होताच उघडणारे व थांबताच मिटणारे हवे. सतत उघड्या नरसाळ्यात कोरडी धूळ साचते, आणि पाऊस जितका तुरळक तितकी तिची भेसळ मोठी. पक्ष्यांच्या विष्ठेमुळे अमोनियम, पोटॅशियम व फॉस्फेट एकदम उसळतात. असा नमुना टाकून द्यावा. नमुना गाळून ४° से. तापमानात ठेवतात, अन्यथा सूक्ष्मजंतू अमोनियम खातात. १ मिमी.पेक्षा कमी पावसाचे नमुने विश्लेषणाला अपुरे पडून बरेचदा वगळले जातात. सर्वांत जास्त संहती नेमकी त्यांतच असते. भारित सरासरीला त्याने फारसा धक्का लागत नाही, पण वरील आलेखाचे डावे टोक रिकामे राहते व उतार विश्वासार्ह राहत नाही.