इंटरनेट सुरक्षाविषयक जनजागृती, फिलिपिन्समधील

पासवर्ड, ओटीपी, खासगी माहिती आणि ऑनलाइन फसवणूक यांविषयी फिलिपिनो नागरिकांना असलेली जाण, तसेच ती वाढवण्यासाठी तेथे झालेले प्रयत्न. ही जाण मुख्यतः ठेचा लागून आलेली आहे.

पहिली मोठी ठेच मे २००० मधली. मनिलाहून जगभर पसरलेला ‘आय लव्ह यू’ व्हायरस ईमेलमधून प्रेमपत्र म्हणून येई. सोबतची फाइल साधा मजकूर वाटे, कारण फाइलचा खरा प्रकार सांगणारे नावाचे शेवटचे टोक विंडोज दाखवत नसे. तो लिहिणाऱ्या ओनेल दे गुझमानवर खटला चालू शकला नाही. असे कृत्य गुन्हा ठरवणारा कायदाच तेव्हा देशात नव्हता. अशी कृत्ये गुन्हा ठरवणारा ई-कॉमर्स कायदा त्याच वर्षी जूनमध्ये झाला, मात्र सायबर गुन्हे आणि माहितीची गोपनीयता यांविषयीचे स्वतंत्र कायदे होण्यास २०१२ साल उजाडले.

मार्च २०१६ मध्ये निवडणूक आयोगाचे संकेतस्थळ फोडले गेले आणि सुमारे साडेपाच कोटी मतदारांची माहिती उघड्यावर आली. सप्टेंबर २०२३ मध्ये फिलहेल्थ या सरकारी आरोग्यविमा संस्थेवर मेडुसा या रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती ओलीस ठेवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला. अशा वेळी नागरिकाने कितीही मजबूत पासवर्ड ठेवला तरी त्याचा उपयोग नसतो, आणि जनजागृतीच्या चर्चेत नेमकी हीच बाब मागे पडते.

फसवणुकीला तेथील बोलीत ‘बुडोल’ म्हणतात. मराठीतल्या ‘बुडवणे’शी त्याचे केवळ ध्वनिसाम्य आहे. २०२२ मध्ये घरबसल्या नोकरीचे आमिष दाखवणारे एसएमएस ज्याला पाठवले त्याच्याच नावानिशी येऊ लागले, तेव्हा आपले नाव आणि नंबर कुठून गेला, हा प्रश्न लोक उघडपणे विचारू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिम नोंदणी सक्तीची करणारा कायदा झाला. तथापि, सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेच्या अधिकाऱ्यांनी सिनेटसमोर सांगितले, की चाचणी घेताना माकडाचे छायाचित्र लावूनही सिमची नोंदणी झाली. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ ही बँकांची सूचना योग्यच आहे, पण पडताळणीच इतकी ढिली असेल तर ती एकटी पुरी पडत नाही.

जुलै २०२४ मधील आर्थिक खाते फसवणूकविरोधी कायद्याने फसवणुकीच्या पैशासाठी आपले बँक खाते किंवा ई-वॉलेट दुसऱ्याला वापरू देणे हा गुन्हा ठरवला. पुरेशी सुरक्षायंत्रणा न ठेवणाऱ्या वित्तसंस्थेवर ग्राहकाचे गेलेले पैसे भरून देण्याची जबाबदारीही याच कायद्याने टाकली.