सुराखालचे अक्षर: एका हायफनची पार्श्वभूमी

स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचे शब्द भरायची रीत आता जवळपास सगळीकडे सारखीच झाली आहे. सुरावर जायचे, अक्षर टाइप करायचे. शब्द संपला की स्पेस, तोच शब्द पुढच्या सुरावर चालू राहणार असेल तर हायफन, आणि शेवटचे अक्षर अनेक सुरांवर ओढायचे असेल तर अंडरस्कोअर. इंग्रजी गाणे असे भरभर उतरते. अभंग लिहायला घेतला की मात्र ‘विठ्ठल’पाशीच हात थांबतो.

जुना भाग थोडक्यात सांगतो. युरोपात पूर्वी आधी शब्द लिहीत आणि मग त्यांच्या डोक्यावर स्वरखुणा करत. छपाईने हा क्रम मोडला. व्हेनिसमध्ये १५०१ साली बहुस्वरी रचनांचा जो पहिला संग्रह छापला गेला, त्यात बहुतेक ठिकाणी गाण्याचे सुरुवातीचे मोजके शब्दच आहेत. पुढे पूर्ण शब्द छापले जाऊ लागले, तरी कोणते अक्षर नेमके कोणत्या सुराखाली, हे बरेचदा गाणाऱ्यानेच ठरवायचे असे. त्याच शहरात १५५८ मध्ये निघालेल्या एका ग्रंथात यासाठी दहा नियम सांगितले आहेत. जोडलेल्या सुरांच्या पुंजक्याला एकच अक्षर द्यावे, हा त्यातलाच एक. आज लिलीपाँड या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरांवर कमान टाकली की पुढचे अक्षर आपोआप कमानीपलीकडे जाते, ते याच चालीने.

आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभी रुळलेल्या भातखंडे पद्धतीत हा प्रश्न फारसा उभाच राहिला नाही. तिथे मात्रेचे घर असते; घरात वर स्वर, खाली अक्षर. स्वर लांबला तर आडवी रेघ, अक्षर लांबले तर अवग्रह: ‘रा ऽ ऽ म’. शब्द संपला आहे की अजून चालू आहे, हे सांगणारी खूण नाही, कारण वाचणाऱ्याला भाषा येते हे गृहीत आहे. मला ही व्यवस्था हायफनपेक्षा सरस वाटते, हे इथेच कबूल केलेले बरे.

संगणकात शब्द आले ते दोन वाटांनी, आणि पुढचा बराच गोंधळ तिथून सुरू होतो. १९८८ मध्ये मिडी फाइलचा, म्हणजे वाद्यांना आणि संगणकांना सूर कळवणाऱ्या फाइलचा, प्रमाण नमुना ठरला. त्यात गाण्याच्या शब्दांसाठी वेगळी नोंद होती, पण देवाणघेवाण सुरळीत व्हावी म्हणून मजकूर साध्या आस्कीत, म्हणजे रोमन अक्षरांच्या मूळ संकेतात, ठेवावा अशी शिफारस होती. म्हणजे देवनागरीला दार बंदच. त्याच वर्षी आलेल्या फिनाले या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरने शब्दांचा एक स्वतंत्र प्रवाह ठेवला; ही पहिली वाट. सगळे कडवे एका खिडकीत आणि प्रत्येक सुराला त्या प्रवाहातल्या कितव्या तुकड्याशी बांधायचे याची नोंद. खिडकीत मधलाच एक तुकडा खोडला की पुढचे सगळे शब्द एकेक सूर मागे सरकत. ज्यांनी हे पाहिले आहे ते विसरलेले नाहीत. लिलीपाँड आणि एबीसी (साध्या मजकुरात सूर लिहायची पद्धत) यांतही शब्दांची ओळ वेगळीच असते, पण तिथे ती उघड्या मजकुरात दिसते, त्यामुळे चूक सापडते. दुसरी वाट म्हणजे अक्षर हा सुराचाच गुण मानणे. २००४ मध्ये पहिली आवृत्ती निघालेल्या म्यूझिक-एक्सएमएलने, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात स्वरलेखन नेण्याच्या फाइल-नमुन्याने, ती पक्की केली. सुराच्या पोटात अक्षर, आणि अक्षरावर शिक्का: एकटे, आरंभीचे, मधले किंवा शेवटचे. सूर हलवला की अक्षर सोबत जाते.

दोन्ही वाटांना एक गोष्ट मान्य होती: दोन हायफनांमध्ये जे येते ते ‘सिलॅबल’. मराठीत आपण त्याला बिनदिक्कत ‘अक्षर’ म्हणतो आणि तिथेच पाय घसरतो.

‘विठ्ठल’च घ्या. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या संकेताच्या, हिशोबात हा शब्द सहा चिन्हांचा: व, ऱ्हस्व इकार, ठ, हलन्त, ठ, ल. वाचकाला दिसणारे तुकडे मोजायचा जो युनिकोडचा नियम होता, त्याप्रमाणे चार, कारण हलन्तानंतर तो जोडाक्षर तोडत असे. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी हे बदलले आणि तुकडे तीन झाले: वि, ठ्ठ, ल. ओवी-अभंगाची अक्षरे मोजणारा पहिल्यापासून तीनच म्हणत आला आहे. सहा-सहा-सहा-चारचा मोठा अभंग याच मोजणीवर उभा आहे. बोलताना मात्र उच्चाराचे घटक दोनच, विठ् आणि ठल. आणि मात्रावृत्तात त्याच शब्दाच्या मात्रा चार. सॉफ्टवेअरला यातले काहीच ठाऊक नसते. हायफन आपण जिथे देऊ तिथे ते तोडते.

मग पहिल्या सुराखाली काय लिहायचे? एक पक्ष म्हणतो ‘विठ्-ठल’, कारण उच्चार तसा आहे. दुसरा म्हणतो ‘वि-ठ्ठ-ल’, कारण सूर लांबला तर गळा इकारावर थांबतो, ठकारावर नाही. आणि गाताना शेवटच्या ल मधला अकार बहुधा जागा होतो, त्याला स्वतःचा सूर लागतो. मी दुसऱ्या पक्षात आहे. पाय मोडलेला ठ शब्दाच्या मध्यात पाहवत नाही, हेही एक कारण. पण आमच्या पक्षाची एक अडचण आहे. ‘चंद्र’ आम्ही सगळेच ‘चं-द्र’ असा तोडतो, म्हणजे अनुस्वाराच्या रूपात बंद (व्यंजनाने संपणारा) घटक आधीच्या सुराला मुकाट्याने देतो. अनुस्वार डोक्यावर टिंब होऊन बसतो म्हणून तो खपतो, बाकी तर्क तोच. गोव्यात मांडो हे कोंकणी गीत रोमी लिपीत स्टाफ नोटेशनखाली, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्य स्वरलेखनाखाली, लिहिले जाते, तिथे हलन्ताचा हा पेच पडत नाही.

अवग्रहाचे हालही असेच. सवयीने कित्येक जण म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लांबलेल्या प्रत्येक सुराखाली ‘ऽ’ टाइप करतात. कागदावर छान दिसते. फाइलच्या लेखी मात्र तो शब्दाचा आणखी एक तुकडा असतो. ‘रा ऽ ऽ म’ स्पेस देऊन भरले की चार सुटे शब्द नोंदले जातात, आणि नुसते शब्द बाहेर काढले तर अवग्रहांची रांग हाती येते.

देवनागरी नीट जुळवून दाखवणे हे यामानाने उशिरा आले. लिलीपाँडने २००५ च्या सुमारास यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवायची एक पद्धत, स्वीकारली. फिनालेत युनिकोड २०१२ च्या आवृत्तीत आले. त्याआधी लोकांनी जुने देवनागरी फाँट वापरून काम भागवले. त्यांत पडद्यावर मराठी दिसे, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये फिनालेचा विकास थांबल्याचे जाहीर झाले आणि जुन्या फाइली म्यूझिक-एक्सएमएलमध्ये काढून ठेवायची धावपळ सुरू झाली. जुन्या फाँटातले गाणे असे बाहेर काढून दुसरीकडे उघडले, तर आरंभीचे, मधले, शेवटचे हे शिक्के शाबूत असतात, हायफन जागच्या जागी असतात, आणि सुरांखाली अक्षरांऐवजी टक्केवारीच्या खुणा, कंस आणि रोमन अक्षरांची खिचडी असते.