सरकीच्या पेंडीचे पोषणमूल्य

कापसाच्या बियांतून, म्हणजे सरकीतून, तेल काढल्यावर उरणारा चोथा म्हणजे सरकीची पेंड. विदर्भात तिला ढेप म्हणतात. एक किलो रुईमागे साधारण दीड किलोहून अधिक सरकी निघते. टरफलासह गाळलेल्या पेंडीत प्रथिने २०–२५ टक्के असतात, टरफल काढून गाळलेल्या पेंडीत ती ४० टक्क्यांच्या आसपास जातात. प्रथिने ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी आर्जिनिन भरपूर, लायसिन मात्र सोयाबीनपेक्षा बरेच कमी. फॉस्फरस पुष्कळ असला तरी त्याचा मोठा भाग फायटेट या न पचणाऱ्या संयुगाच्या रूपात अडकलेला असल्यामुळे शरीराला तो पुरता मिळत नाही.

माणसाच्या ताटात ती न येण्याचे मुख्य कारण गॉसिपॉल. बियांतील काळसर ग्रंथींमध्ये साठणारे हे पिवळे द्रव्य कापसाला किडींपासून वाचवते. डुकरे, कोंबड्या व माणूस यांना ते विषारी ठरते. चीनमध्ये १९७० च्या दशकात पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून त्याच्या चाचण्या झाल्या; रक्तातील पोटॅशियम घटणे व वंध्यत्व कायमचे राहणे या धोक्यांमुळे तो नाद सोडावा लागला. गाईम्हशींच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, बरेचसे गॉसिपॉल प्रथिनांशी बांधले जाऊन निष्प्रभ होते, म्हणून दुभत्या जनावरांना ढेप चालते. वासरांचे कोठीपोट तयार झालेले नसते. त्यांना ती जपूनच द्यावी.

पेंड तापवली की मुक्त गॉसिपॉल बांधले जाते, पण ते बांधले जाते लायसिनशीच. विष कमी करताना आधीच तुटपुंजे असलेले अमिनो आम्ल गमवावे लागते, हा या अन्नाचा खरा पेच.

तरीही मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालात सरकीचे पीठ माणसांना खाऊ घातले गेले. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या ‘इनकॅप’ या पोषण संस्थेत नेविन स्क्रिमशॉ, रिकार्डो ब्रेसानी व सहकाऱ्यांनी कुपोषित मुलांसाठी ‘इनकापरिना’ हे पीठ तयार केले. त्यात सरकीचे पीठ ३८ टक्के, मका व ज्वारी प्रत्येकी सुमारे २९ टक्के, शिवाय थोडे यीस्ट, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व. प्रथिने साधारण २७ टक्के. लोकांना ओळखीचे असलेले ‘आतोले’ हे पेज करून ते पिता येई. ते रुजण्यात या सवयीचाही वाटा मोठा होता. पुढे सरकीची जागा सोयाबीनने घेतली.

ग्रंथीच नसलेले कापसाचे वाण १९५० च्या दशकात अमेरिकेत निघाले. पण संरक्षण गेल्याने ते झाड किडींच्या तावडीत सापडले. टेक्सासमधील वैज्ञानिक कीर्ती राठोड यांनी केवळ बियांमधले गॉसिपॉल घटवून पाने व बोंडे यांतील तसेच ठेवले. त्यांच्या वाणाला अमेरिकेत २०१८ मध्ये लागवडीची आणि २०१९ मध्ये खाद्यवापराची परवानगी मिळाली. महाराष्ट्रात विकली जाणारी बहुतेक ढेप मात्र टरफलासह गाळलेली असते. गॉसिपॉल नसते तरी टरफलाचा तेवढा चोथा माणसाला पचला नसता.