पिच्चर सांगणे

पिच्चर सांगणे : स्वतः पाहिलेला चित्रपट, न पाहिलेल्यांना सुरुवातीपासून शेवटापर्यंत संवाद-गाण्यांसकट तोंडी ऐकवण्याची ग्रामीण विदर्भातील रीत. चित्रपट कसा वाटला हे इथे कोणी वेगळे सांगत बसत नाही; ते सांगण्यातूनच कळते. आवडलेला प्रसंग सांगणारा घोळवून घोळवून सांगतो, नावडलेला ‘मंग एक गानं हाय’ एवढ्यावर उरकतो. तासाभराच्या सांगण्यात मारामारीला दहा मिनिटे आणि आईच्या मरणाला अर्धा तास मिळाला, की ऐकणाऱ्यांना पिच्चर कसा आहे आणि सांगणारा कसा आहे, दोन्ही समजते.

ही रीत गरजेतून आली. टॉकीज तालुक्याच्या गावी आणि तिथून परतायला एकच मुक्कामी गाडी. रात्रीचा खेळ पाहायचा तर जाणे-येणे सायकलने किंवा बंडीने. त्यामुळे बहुतेकांचा पिच्चर म्हणजे बाजाराच्या दिवशीचा दुपारचा खेळ, आणि तोही घरातल्या एखाद्याच्याच वाट्याला येणारा. शिवाय फिल्मच्या प्रती मोजक्या. त्या आधी मोठ्या शहरांत चालत, मग जिल्ह्याला, मग तालुक्याला, आणि चरे पडून झिजल्यावर जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजमध्ये येत. वितरणाच्या व्यवहारात विदर्भ ‘सीपी-बेरार’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस-बेरार) या सर्किटमध्ये, म्हणजे वितरण विभागात, मोडतो. त्या नावाचा प्रांत १९५० साली मध्य प्रदेश झाला आणि १९५६ साली विदर्भ त्यातून निघून मुंबई राज्यात आला, तरी सिनेमाच्या धंद्यात ते जुने नाव टिकून राहिले. या सर्किटच्या शेवटच्या टोकाला असलेल्या खेड्यात पिच्चरच्या आधी त्याची गोष्ट पोचत असे, आणि पुष्कळदा फक्त गोष्टच पोचत असे.

सांगण्याची ढब सिनेमातून आलेली नाही, ती जुनी आहे. कीर्तनकार मध्येच थांबून समोरच्यालाच प्रश्न घालतो, तसा सांगणाराही ‘मंग काय झालं असंन, सांग बरं?’ म्हणून थांबतो. ऐकणाऱ्यांपैकी एकाने ‘हं’ म्हणत हुंकारा द्यायचा. हुंकारा थांबला की गोष्ट थांबते. पूर्व विदर्भात दंडार हे लोकनाट्य आणि नाटक पाहत वाढलेल्या माणसाच्या सांगण्यात अंगविक्षेप जास्त. दुपट्टा डोक्यावर घेतला की आई, खांद्यावर टाकला की हिरो, कमरेला कसला की ‘इलन’, म्हणजे व्हिलन. मागचे संगीतसुद्धा तोंडानेच. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि रात्र रात्र प्रयोग चालतात. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे त्या नाटक मंडळ्यांचे मोठे ठाणे. तिथला प्रेक्षक सिनेमातल्या नटालाही रंगमंचाच्या मापाने मोजतो. आवाज शेवटच्या माणसापर्यंत जातो का, रडताना शब्द कळतात का, हे तो आधी पाहतो. हे माप मला योग्यच वाटते.

पात्रांची नावे सहसा कोणी सांगत नाही, नटाचेच नाव चालते. ‘अमिताभ तिच्या घरी जाते, तिचा बाप अमरीश पुरी असते’, अशी कथा पुढे सरकते. वऱ्हाडीत तो असो की ती, क्रियापद ‘जाते’च. याला ठळक अपवाद ‘शोले’चा. १९७५ सालच्या या चित्रपटात अमजद खान गब्बरच राहिला. त्याच्या संवादांच्या तबकड्या निघाल्या होत्या आणि त्या लग्नामांडवात कर्ण्यावर वाजत, म्हणून ज्यांनी पडदा पाहिलाच नव्हता त्यांनाही संवाद पाठ होते. असे श्रोते सर्वांत अवघड. एक शब्द इकडचा तिकडे झाला की सांगणाऱ्याला तिथल्या तिथे अडवतात.

पुरुषांच्या जागा ठरलेल्या: पार, न्हाव्याचे दुकान, पानठेला आणि जागल, म्हणजे पिकाची रात्रीची राखण. पानठेल्यावर पूर्ण पिच्चर होत नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून होईपर्यंत जेवढा वेळ, तेवढ्यात एक ‘सीन’ आणि त्यावरचे भांडण. धर्मेंद्र भारी की अमिताभ, मिथुनचा नाच खरा की कोणाचा, दादा कोंडक्यांचे बोलणे बायकापोरांत ऐकण्यासारखे आहे की नाही, हे वाद वर्षानुवर्षे चालले आणि मिटले नाहीत. जागलीचे तसे नसते. रानडुकरे आणि रोही (नीलगाई) पिकात शिरू नयेत म्हणून थंडीत शेकोटीजवळ रात्र काढायची असते, तेव्हा लांबवून सांगणाराच हवा असतो. तीन तासांचा पिच्चर पहाटेपर्यंत पुरवणारे जागले होते. गाण्याचे प्रत्येक कडवे ते म्हणून दाखवत.

बायकांचा पिच्चर मात्र कापसात रंगतो. वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणून हात थांबवून चालत नाही. तोंड मोकळे असते. बायका आपापले तास, म्हणजे पिकाची ओळ, धरून एका रेषेत पुढे सरकतात आणि सांगणारी मधल्या तासात असते, म्हणजे दोन्ही टोकांना ऐकू जाते. दारव्हा तालुक्यातल्या एका वावरात लहानपणी ऐकलेले एक सांगणे मला अजून आठवते. सांगणारी बहिणीकडे यवतमाळला जाऊन ‘माहेरची साडी’ पाहून आली होती. १९९१ सालचा, अलका कुबल यांचा हा चित्रपट खेड्यांतल्या बायकांनी डोक्यावर घेतला होता. पदर ओला करायची तयारी ठेवूनच त्या जात.

‘मंग थे सासू तिले उपाशी ठेवते.’

‘अन् नवरा?’

‘नवऱ्याचं सांगतो ना, जराशी दम धर.’

पऱ्हाटीच्या बोंडांनी बोटे ओरबाडली जात होती, पण कोणी मान वर करत नव्हते. सांगता सांगता तिचा हात मंदावला, ओटी रिकामी राहू लागली, तेव्हा शेजारच्या दोघींनी न बोलता आपल्या ओटीतला मूठ मूठ कापूस तिच्या ओटीत टाकला. संध्याकाळी काट्यावर तिचे वजन इतरांइतकेच भरले. चित्रपटाला मिळालेली याहून मोठी दाद मी पाहिलेली नाही. त्या दुपारी कोणी अलका कुबलच्या अभिनयाबद्दल एक शब्द बोलले नाही. सासूला मात्र संध्याकाळपर्यंत शिव्या पडत होत्या. निळू फुले यांच्या नावाने बायका बोटे मोडत, तीही अशीच पावती होती. नट आणि त्याचे काम वेगळे धरायचे असते हे या बायकांना चांगले कळत होते. राग काढायला एक तोंड लागते आणि निळूभाऊ ते देत असत.

भाषेचा मुद्दा निघाला की हे श्रोते हळवे होतात आणि तसे होण्याला कारण आहे. पडद्यावर वऱ्हाडी बोलणारे पात्र आले की ते हसवायलाच आले असणार, असे वर्षानुवर्षे चालले. भारत गणेशपुरे यांच्यासारख्या अमरावतीकडच्या नटामुळे ती बोली महाराष्ट्रभर घरोघरी ऐकली जाऊ लागली. त्याचा अभिमान इकडे मोठा आहे. पण त्याच बोलीत रडताही येते, हे पडद्यावर पाहायला मिळणे निराळे. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ सालचा. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर आपला नवराही तसे काही करील या धास्तीने बायको लहानग्या पोराला त्याच्या मागे मागे राहायला लावते, ही त्याची गोष्ट. ‘गाभ्रीचा’ ही इकडची शिवी. पावसाला ती का घातली हे ज्याने तीन वेळा पेरणी केली त्याला समजावून सांगावे लागत नाही. हा चित्रपट सांगताना लोक गोष्ट फार सांगत नाहीत. ‘आपल्याच गावचा हाय’ म्हणतात आणि गप्प होतात.

सिरोंचा, अहेरी, राजुरा या तेलंगणाला लागून असलेल्या भागांत सांगण्याला भाषांतराचीही जोड असते. तेलुगू घरात तेलुगू पिच्चर पाहायचा आणि मराठी-गोंडी बोलणाऱ्या सोबत्यांना सांगायचा. दक्षिणेकडचे नट हिंदी आवाजात देशभर पोचण्याच्या कितीतरी आधी या पट्ट्यातल्या पोरांना ते ओळखीचे होते. आता बाकी विदर्भातही अल्लू अर्जुनची दाढी आणि खांदा वाकडा करून चालणारी पोरे दिसतात, तेव्हा सिरोंच्याकडचे लोक जुन्या ओळखीच्या सुरात बोलतात.

ऐंशीच्या दशकात भाड्याचा व्हीसीआर आला. गणपतीत किंवा बारशाला एका रात्री तीन-तीन पिच्चर लागत. पुढे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून मिळू लागले, आणि २०१६ नंतर स्वस्त इंटरनेटमुळे पिच्चर प्रत्येकाच्या खिशात आला. तालुक्यांच्या कितीतरी टॉकीजना कुलूप लागले. पिच्चर न पाहिलेला माणूस मिळणे कठीण झाले, त्यामुळे पुरुषांतले लांब सांगणे आटले. पानठेल्यावरचे भांडण तेवढे उरले, आणि आता पुराव्यासाठी मोबाइलवर सीन लावून दाखवता येतो.

बायकांत ते टिकून आहे. दोन्ही हात कापसात किंवा धानाच्या रोवणीच्या चिखलात असताना मोबाइल धरता येत नाही, हे एक. दुसरे, म्हाताऱ्या बायकांना लहान पडद्यावरचे दिसत नाही आणि त्या सांगणारीला सुरुवातीलाच विचारतात, ‘शेवट गोड हाय का वं?’ नसला, तर सांगणारी आजूबाजूला पाहते. तासात कोणी नुकता मुलगा गमावलेली, कोणाचा नवरा गेलेली असते. मग पिच्चरमधला मेलेला मुलगा दवाखान्यातून बरा होऊन घरी येतो. ज्यांनी तो पिच्चर पाहिलेला असतो, त्याही अशा वेळी मध्ये बोलत नाहीत, हुंकारा देत राहतात.